अर्धे राहिलेले तर्पण

श्राद्धाच्या खिरीसाठी आज सूनबाई वेलदोडे कुटू लागल्या आणि धाकटा बंधू वसंता आठवला.

एका वर्षी वडिलांच्या तर्पणाला तो वेलदोडा चघळतच बसला होता. ओंजळीतले तिळोदक ताम्हणाबाहेर सांडू लागले. वाळूजच्या कारखान्यात यंत्र चालवणारा हात असा कापावा? माझा संशय बळावला.

“वसंता, आजही घेतलीस?”

दारातून भावजय म्हणाली, “नाही भाऊजी. तिथी पाळायची म्हणून ह्यांनी कालपासून थेंब घेतला नाही. त्यानंच हात कापतोय. घेतली की थांबतो बघा.”

जन्मात प्रथमच मी विधी अर्धा सोडून उठलो.

डॉक्टर म्हणाले, “रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जिवावर बेततं. दाखल करू.”

खाटेवरून वसंता पुटपुटला, “दादा, माझ्यामुळं तर्पण मोडलं.”

“बाबा असते,” मी म्हणालो, “तर तेही उठलेच असते.”