मास्तरांची कंबर

मास्तर स्वतःच्या पँटी स्वतःच शिवत, आणि सगळं तिथेच बिनसलं असं त्यांची थोरली बहीण म्हणते. मास्तरांना हे अर्धंच मान्य आहे.

त्यांचं शिंप्याचं दुकान दोन इमारतींमधल्या बोळात, जिन्याखाली. आत एक मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीला आरसा. गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं राहायचं तर मास्तरांनी उठून बाहेर जायला हवं, इतकीच जागा. त्यामुळे बरीचशी गिऱ्हाइकं आरसा न बघताच कपडे घेऊन जात आणि खूशही असत.

वडील अकाली गेले तेव्हा ताईने घरात मशीन मांडलं होतं. काजं कशी करायची, टीप सरळ कशी मारायची, हे तिनेच धाकट्या भावाला शिकवलं. पुढे ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली आणि हा मास्तर झाला. तिने लग्न केलं नाही. भावाच्या घराजवळच एका खोलीत ती राहते.

पँट काचायला लागली की माणसाला कळतं, आपण सुटलो. मास्तरांना ते कधी कळलंच नाही. पट्टी जराशी आवळली की ते दुपारच्या सामसुमीत पँटची मागची शिवण उसवत, आत दुमडून ठेवलेलं जादा कापड थोडं सोडत आणि पुन्हा टीप मारत. चहा निवायच्या आत काम फत्ते. आतलं कापड संपलं की नवी पँट, आधीच्यापेक्षा ऐसपैस. गिऱ्हाइकाला मात्र ते तोंडावर सांगत, "साहेब, शिवण किती सोडू? आता पोटालाच जरा सांगा की."

बायको म्हणायची, "अहो, काठीला गाठोडं बांधल्यासारखे दिसताय."

"खांदा बघ," मास्तर म्हणत. "लग्नातल्या शर्टाचा खांदा अजून बसतो. माणूस खांद्यावर ओळखावा."

ते खोटं नव्हतं. हातपाय त्यांचे बारीकच होते. जे वाढलं ते सगळं मध्येच वाढलं. दिवसभर बसून काम, दर तासाला गोड चहा, सोबत काहीतरी तळलेलं. पाणी मात्र बेताचंच, कारण संडास इमारतीच्या गच्चीवर आणि तिथे जायचं तर दुकान बंद करावं लागे. एकदा कापड बेततानाच त्यांच्या उजव्या कुशीत अशी कळ उठली की ते कात्री टाकून चिंध्यांच्या ढिगावर आडवे झाले. कळ कमरेतून जांघेपर्यंत उतरत होती. बायकोने इस्त्रीवर फडकं गरम करून शेकलं. संध्याकाळी दुखणं थांबलं. मशीनवर वाकून पाठ भरली, असं दोघांनी ठरवून टाकलं. शिंप्याची पाठ दुखणारच, त्यात विचारायचं काय?

त्यानंतर ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब वाढलेला होता, तो तिने वर्षानुवर्षं अंगावर काढला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, पाणीही मोजूनच प्यायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणी नात्यातलं किडनी द्यायला तयार असेल तर बघू. मास्तरांचा रक्तगट जुळला.

"माझी काढा," ते म्हणाले. "दोन आहेत, एक तिची."

"भाजी वाटतोयस का रे?" ताई म्हणाली. "आधी बघू देत, किडकी आहे का चांगली."

तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला समोर बसवलं.

"उजव्या किडनीत मुतखडा आहे," त्या म्हणाल्या. "आधी कधी कुशीत कळ आली होती?"

"पाठ भरली होती."

"पाठ नव्हती ती. तेव्हाही खडाच असणार, पडून गेला. हा दुसरा."

मास्तर म्हणाले, "पण मी काही जाडा नाही."

"वजन फार नाही. पण चरबी सगळी पोटाशी आहे. ती तिथे साठली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. तुमची साखरही मधुमेहाच्या वेशीवर येऊन थांबली आहे. मग किडनीला लघवीतला आंबटपणा मारता येत नाही, आणि आंबट लघवीत युरिक ॲसिड विरघळत नाही. त्याचा खडा धरतो. वर तुम्ही पाणी पीत नाही."

"बारीक माणसांना होत नाही?"

"होतो की. पोट सुटलेल्या प्रत्येकाला होतो असंही नाही. पण शक्यता वाढते. आणि एकच किडनी राहिली, त्यात खडा अडकला, तर तुमची खाट ताईंच्या शेजारी टाकावी लागेल."

बायको इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "डॉक्टर, यांना कळणार कसं पोट वाढलेलं? हे स्वतःच पँटी सैल करतात."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सहा महिने दिले. लघवीचा आंबटपणा कमी करायचं औषध, भरपूर पाणी, मीठ आणि गोड कमी, रोज चालणं. तेवढ्या काळात खडा विरघळला, साखर उतरली, तर पुन्हा विचार करू.

मास्तरांना वाटलं, खाणंच बंद केलं तर काम लवकर होईल. आठवडाभर ते जवळपास उपाशी राहिले आणि मशीनवर बसल्या बसल्या त्यांना घेरी आली. डॉक्टरबाईंनी झापलं. उपाशी राहिलं की रक्तात युरिक ॲसिड आणखी वाढतं, म्हणाल्या. हळूहळू उतरा, जिना उतरावा तसं.

ताईने तिच्या परीने उपाय काढला. डायलिसिस नसलेल्या दिवशी ती दुकानात आली, भावाला उठवलं आणि मशीनवर बसून त्याच्यासाठी एक पँट शिवली. मास्तरांनी ती उलटी करून पाहिली.

"ताई, आत कापडच सोडलं नाहीस."

"नाही सोडलं. शिवणीच्या कडेने कापून टाकलं."

"अगं, अशी पँट कुणी शिवतं का? धंद्याची लाज काढलीस."

"उसवून तर बघ. भोकच पडेल."

"आणि बसली नाही तर?"

"न बसायला काय झालं? पँट जागची हलणार नाही. हलायचंय तुला."

बायको दारातून म्हणाली, "वन्सं, माझ्या ब्लाउजलाही असंच करा म्हणजे झालं!"

पहिल्यांदा ती पँट मांडीच्या वर चढली नाही. मास्तर सकाळी दुकान उघडायच्या आधी चालू लागले. गच्चीवरच्या संडासाच्या इतक्या फेऱ्या होऊ लागल्या की वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना चौकीदार म्हणू लागले. चहा बिनसाखरेचा झाला. तो पिताना ते तोंड असं करत की समोरचा पानवाला म्हणे, "मास्तर, काढा चालू केला का?" चौथ्या महिन्यात पँटचा हूक लागला. सहाव्यात खाली बसताही येऊ लागलं.

मग पुन्हा तपासणी झाली. साखर उतरली होती, उजवीकडचा खडा विरघळला होता. डॉक्टरबाईंनी हे सगळं आधी सांगितलं, तेव्हाच मास्तरांच्या लक्षात आलं की पुढे काहीतरी आहे.

"डावीकडे नवा खडा आहे," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण वेगळ्या जातीचा. औषधाने विरघळणारा नाही. तुम्ही कष्ट घेतलेत, त्याचा तुम्हाला फायदा होईल. पण तुमच्या किडन्या खडे धरतायत. दोन आहेत तोवर सांभाळता येईल. एकीवर मी तुम्हाला सोडणार नाही."

"आणखी सहा महिने देऊन बघा."

"नाही. ताईंचं नाव प्रतीक्षायादीत आहेच. तुमच्या भरवशावर त्यांना ठेवू नका."

बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. नात्यात आणखी कुणी नव्हतं. मास्तर डायलिसिसच्या खोलीत गेले. ताईच्या दंडातून नळ्या निघून मशीनमध्ये जात होत्या. तिने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"नाही म्हणाल्या ना?"

"डावीकडे नवा निघाला."

"बरं. मी काय, यादीत आहे. इथे बरीचजणं आहेत. तुझी पाण्याची बाटली कुठेय?"

"बाहेर. बाकावर."

"दर वेळी बाहेरच ठेवून येतोस. मला काय दिसत नाही?"

"तुला पाणी मोजून मिळतं. तुझ्यासमोर कसं पिणार?"

"मला मोजून मिळतं म्हणून तू कोरडा बसणार? मग आणखी खडे धर, दोघं मिळून मोजून पिऊ. जा, घेऊन ये."

मास्तर बाटली घेऊन आले. दोन घोट पिऊन झाकण लावायला लागले.

"सगळी," ताई म्हणाली.

ते उभ्यानेच प्यायले. ती बघत होती. बाटली रिकामी झाल्यावर तिने डोळे मिटले. डायलिसिस संपायला अजून बराच वेळ होता. मास्तर बाहेरच्या नळावर जाऊन बाटली भरून आले, तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि बाजूला बसून राहिले.