लाल धाग्याची बरणी

कुठलीही वस्तू तोलण्याआधी अप्पा रिकामा तराजू उचलून धरायचे. पारडी रिकामी असतानाच तराजू एका बाजूला झुकत असेल, तर त्या झुकण्याला पासंग म्हणतात. "आधी पासंग बघू," असं म्हणून झाल्याशिवाय ते पुडी बांधायला घेत नसत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. पण स्वतःच्या घरातही पासंग बघणारा मी हा एकच पाहिला.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नांदेडहून बदलून आलेला कारकून, पाण्याच्या टँकरच्या टेबलावर. पावसानं दडी मारली होती. नव्या कचेरीत खुर्च्या कमी आणि पाण्याचे अर्ज जास्त. अप्पांच्या जडीबुटीच्या दुकानामागे दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो. मला ते 'साहेब' म्हणत आणि म्हणताना हसत.

काकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, विसर पडू लागला होता. टँकर मंगळवारी यायचा आणि काकू सोमवारीच घागर घेऊन रस्त्यावर उभ्या. एकदा मलाच म्हणाल्या, "तुमी कोन म्हनायचं?" तासाभरापूर्वी त्यांनीच मला चहा दिला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं, यावर औषध नाही, सांभाळून घ्या.

त्याच सुमारास एक विक्रेता स्मरणशक्तीचं हिरवट चूर्ण घेऊन दुकानात आला. नव्या जिल्ह्याची एजन्सी तो अप्पांना देणार होता. एजन्सी कुणाला नको असते? पण अप्पांचा जीव अडकला होता तो काकूंत. चूर्णाला खरंच गुण असला, तर काकू त्यांना पहिल्यासारख्या परत मिळणार होत्या.

"घेतो की," अप्पा विक्रेत्याला म्हणाले, "पन आधी पासंग बघू."

त्यांनी मला सारख्या दोन बरण्या दिल्या. एकीत मी चूर्ण भरायचं, दुसरीत वाळलेल्या मेथीची पूड. एकीला लाल धागा, एकीला पांढरा. कशात काय ते चिठ्ठीवर लिहून माझ्या पेटीत ठेवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. पहिला महिना पांढरी, दुसरा महिना लाल. वासावरून कळू नये म्हणून दुधात पूड कालवताना अप्पा नाकात कापसाचे बोळे घालायचे. जन्म जडीबुटीत गेलेला, नाक कसं गप्प बसणार! पहिल्या दिवशी ते बोळे बघून काकू म्हणाल्या, "माझा वास यायलाय का काय ओ तुमाला?" आणि इतक्या हसल्या की दूध सांडलं.

रोज सकाळी परीक्षा. ताटात सुपारी, लवंग, हळकुंड, खारीक, वेलदोडा मांडायचे. काकूंनी बघितलं की वर कापड टाकायचं आणि काय काय होतं ते विचारायचं. वर एक प्रश्न, "माहेर कोन्तं?" बरोबर उत्तराला कॅलेंडरवर एक खूण.

पांढऱ्या महिन्यात खुणा विरळच होत्या. लाल बरणीच्या तिसऱ्या दिवशी मात्र अप्पा बोळ्यांसकट माझ्या दारात. "साहेब, मुरुड म्हनली! लई दिसानं म्हनली!"

त्या महिन्याचं कॅलेंडर खुणांनी भरून गेलं आणि मी अप्पांची नजर चुकवू लागलो. शेवटच्या दिवशी विक्रेता कागद घेऊन येऊन बसला. अप्पा पेन शोधत म्हणाले, "साहेब, आता चिठ्ठी काढा."

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. चिठ्ठी माझ्याच हातची, बदलायला कितीसा वेळ! पण या माणसापुढे जीभ रेटेना. मी सांगितलं, लाल बरणीत मेथी होती.

अप्पांनी पेन शोधणं थांबवलं. विक्रेता उठून गेल्यावर म्हणाले, "लाल महिन्यात ती अडली की मी कापडाची कड जराशी उचलायलो होतो. त्या दिशी मुरुड म्हनली, आन् लाल म्हंजी औषध असं मीच धरून बसलो. पासंग माझ्यातच निघाला, साहेब." कुणाला गुंजभर कमी न दिलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले. मलाही रडू आवरलं नाही.

एजन्सी दुसऱ्या दुकानदारानं घेतली आणि मोठी पाटी लावली. अप्पांकडे कुणी ते चूर्ण मागितलं तर ते म्हणत, "तिकडं मिळंल. मला गुन दिसला न्हाई." बरण्या गेल्या, खुणा थांबल्या; ताट मात्र रोज सकाळी मांडलं जायचं. आता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिला आवडतंय."

पुढे माझी पुन्हा नांदेडला बदली झाली. काही वर्षांनी कचेरीच्या कामानं लातूरला गेलो, तेव्हा दुकान बंद होतं. अप्पा आदल्याच वर्षी गेले, असं शेजाऱ्यांनी सांगितलं; काकूंकडे आता तेच बघत.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. जवळचं ताट माझ्यापुढे सरकवलं. सुपारी, लवंग, हळकुंड, खारीक, वेलदोडा. मी बघितलं, तसं त्यांनी वर कापड टाकलं.

"काय काय हाय, सांगा."

सगळं पाठ होतं, तरी हळकुंडापर्यंत येऊन मी अडलो. काकू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी कापडाची कड जराशी उचलली.