आत्याबाईंच्या हातातला उजेड

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात मुंबईचे सिनेमावाले आमच्या कोरड्या तलावात चंद्र शोधत आले, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर नगरजवळचं, शाळा सातवीपर्यंतची. सासर खर्ड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. नवरा उसाच्या टोळीबरोबर कोपरगावकडे गेलेला. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, काटक बाई. बोलणं कमी, आणि बोललं की त्यावर दुसऱ्याने काही बोलायचं नाही.

आम्ही दोघी दुष्काळी कामावर जायचो. तलाव तळापर्यंत आटला होता. त्यातला गाळ खणायचा, पाटीत भरायचा आणि बांधावर नेऊन टाकायचा. तळाला भेगा अशा पडलेल्या की पाय घसरला तर गुडघ्यापर्यंत आत जाईल. मान वर करून त्या उजाड पसाऱ्याकडे बघवत नसे. आम्ही खाली बघून काम करायचो.

एके दिवशी सकाळी बांधावर एक जीप आणि मागोमाग ट्रक येऊन थांबला. ट्रकमधून पत्रे, फळ्या, दोरखंड उतरले. आमचा मुकादम त्यांच्याशी बोलून परत आला तो डोकं खाजवतच.

"सिनेमावाले हायेत. त्यास्नी चंद्रावानी जागा पायजे, आन् ती म्हनं आपल्या तळ्यात हाय."

हसावं की राग धरावा ते कुणाला कळेना. त्यांचा साहेब, म्हणजे सिनेमा काढणारा, बांधावर उभा राहून बराच वेळ तळाकडे बघत होता. मग त्याने टोपी काढली आणि हिंदीत काहीतरी पुटपुटला. कॅमेऱ्यापाशी एक मराठी बोलणारा माणूस होता, त्याला मी धीर करून विचारलं, साहेब काय म्हणाले.

"म्हणतात, इतकी सुंदर जागा त्यांनी आजवर पाहिली नाही."

मी वळून तळाकडे पाहिलं. त्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेन.

दुपारपर्यंत तिथे अवकाशयान उभं राहिलं. पत्र्याची उंच कणगी म्हणा ना. वर निमुळता शेंडा, बाजूंना सायकलची चाकं, आणि पोटावर काळ्या रंगात कसली तरी अनोळखी लिपी, जी रंगवणाऱ्या पोराने आमच्या देखत मनानेच काढली. ग्रहावर राहणारी माणसं हवी होती म्हणून आम्हा बायकांनाच रांगेत उभं केलं. तोंडाला चंदेरी रंग, अंगात गोणपाटाचे झगे, डोक्यावर तारा आणि तारांच्या टोकाला कापसाचे गोळे. आम्ही एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो. त्या उन्हाळ्यात तसं हसल्याचं दुसरं आठवत नाही.

आत्याबाई मात्र पाटी घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. "आमी गाळ उपसाया आलोय, सोंगं कराया न्हाई."

सिनेमात एक लोखंडी माणूस होता. तेलाचे डबे कापून, ठोकून, तारांनी जोडून त्याचं चिलखत केलेलं, आणि आत मुंबईच्या तालमीतला एक तरणाबांड पैलवान. हिरोशी त्याची मारामारी चालली होती. कागदाच्या लगद्याचे धोंडे तो डोक्यावर उचलायचा आणि फेकायचा. धोंडा माझ्या पायाशी येऊन पडला तेव्हा तो पोकळ आहे हे ठाऊक असूनही मी किंचाळले. ऊन मी म्हणत होतं. एकदा हिरोने ठोसा मारला आणि लोखंडी माणूस धाडदिशी कोसळला. साहेब खूश झाला. हिरो वर बसून ठोसे मारतच होता.

"आरं थांब!" आत्याबाई ओरडल्या. हात वर करून त्या सरळ कॅमेऱ्यासमोर चालत गेल्या. "मानूस हाय त्यात! दिसंना का तुमास्नी?"

हिरो दचकून उठला. आत्याबाईंनी खुरप्याने तारा तोडल्या, डब्याचं डोकं काढून फेकलं. आत पोराचा चेहरा तांबडालाल, डोळे फिरलेले. मी धावत जाऊन आमच्या मडक्यातलं पाणी आणलं. आत्याबाईंनी त्याच्या नाकाशी कांदा फोडून धरला, पदराने वारा घातला. पाणी प्यायल्यावर त्याने डोळे उघडले.

"उनाच्या पारी पत्र्यात शिरतंय का कुनी, लेकरा?"

त्याला किती समजलं कोण जाणे, पण तो हसला.

साहेब हे सगळं बघत होता. ऊन कलल्यावर तो आत्याबाईंकडे आला, आणि कॅमेऱ्याजवळच्या माणसाने त्याचं म्हणणं आम्हाला सांगितलं. मघाशी हात वर करून जशा आलात, तशाच पुन्हा याल का? लोखंडी माणूस सगळ्यांवर चालून येतोय आणि तुम्ही त्याला थांबवताय, एवढंच. आत्याबाईंनी मान हलवली. नाही. मग तो पैलवान पोरगा पुन्हा चिलखत चढवायला निघालेला आमच्यापाशी थांबला आणि मुंबईच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, तू समोर उभी राहा. मग मला भीती नाय."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "लाव गं रंग."

मी माझ्या हाताने सासूच्या तोंडाला चंदेरी रंग लावला. एरवी ज्या चेहऱ्याकडे मी वर बघून बोलत नव्हते, त्याच्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"उधळलेला बैल कसा थांबवता, तसंच करा," त्यांना सांगण्यात आलं. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लाल काच बसवली; तिच्यातून आकाश काळं येतं म्हणे. लोखंडी माणूस खडखडत निघाला. आत्याबाई भेगांतून पाय टाकत पुढे गेल्या, थांबल्या आणि हात वर केला. आवाज नाही, घाई नाही. साहेब हळूच म्हणाला, पुन्हा घ्यायला नको.

संध्याकाळी ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गाळात.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. नवरा परत आला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात खर्ड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा लागला, आणि कुणीतरी सांगत आलं, आपला चंद्र आलाय. आम्ही तिघंही गेलो. दिवस मावळताच खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला जमिनीवर बसून आम्ही दोघींनी तो पाहिला.

आजच्या माणसाला हसू येईल असाच तो सिनेमा होता. यान उडताना वरची दोरी दिसत होती. परग्रहावरच्या एका बाईच्या पायात आमच्याकडची जोडवी होती, ती मीच. पण तळं दिसलं आणि मी पुढे सरकून बसले. आकाश काळंभोर होतं. जे ऊन आमच्या पाठी भाजत होतं, तेच तिथे कुठल्यातरी थंड गोलाचा उजेड होऊन पसरलं होतं. भेगा दऱ्यांसारख्या खोल. आमचा बांध डोंगरासारखा.

माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "ह्यो आपला बांध न्हवं?"

दुसरी म्हणाली, "न्हाई गं. ही येगळी दुनिया हाय." तिने त्याच बांधावर महिनोन्‌महिने गाळ वाहिला होता.

मग लोखंडी माणूस आला. आणि पडद्याएवढ्या मोठ्या आत्याबाई आल्या. त्यांनी हात वर केला आणि तळव्यातून उजेडाच्या रेघा निघाल्या. तडतडत, थरथरत्या, पांढऱ्याशुभ्र. लोखंडी माणूस जागीच थिजला. तंबूत एक पोरही रडत नव्हतं. मला ठाऊक होतं की त्या दिवशी असं काही निघालं नव्हतं. मी तिथेच उभी होते. तरीही मी हळूच बाजूला पाहिलं. पडद्याच्या उजेडात आत्याबाई आपला उजवा तळवा उलटासुलटा करून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "चल. त्या तंबूवाल्याला इचारू."

तंबूवाला म्हातारा, भला माणूस होता. यंत्रापाशी बसून सिनेमाची पट्टी गुंडाळत होता. आत्याबाईंना त्याने ओळखलं नाही, पण विचारणं ऐकून त्याने ती जागा शोधली आणि पट्टी सूर्याकडे धरली. नखाएवढ्या चौकटी, एकीखाली एक. प्रत्येकीत इवल्याशा आत्याबाई, हात वर केलेल्या, आणि प्रत्येकीत हातापुढे बारीक ओरखडे.

"हा उजेड न्हाई, बाई," तो म्हणाला. "सुईनं कोरलंय. कुनीतरी बसून येकेका चित्रावर रेघा वढल्यात. पट्टी पळाली की त्या हलल्यावानी दिसत्यात."

मला वाटलं, त्यांचं मन मोडेल. मी त्यांच्या कोपराला धरलं.

आत्याबाईंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं, खालून वर, वरून खाली.

"येकेक रेघ? हातानं?"

"व्हय."

"कोन आसंल गं त्यो?" त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी खाली आला होता. "ना वळख, ना पाळख. तिकडं मुंबईत बसून माझ्या हातातनं उजेड काढत बसला. डोळं किती दुखलं आसतील त्याचं."

म्हाताऱ्याने पट्टी मागितली. त्यांनी ती लगेच दिली नाही.