माझ्या अक्षरातला खुलासा

"मोठ्याने वाचा," डॉक्टर म्हणाले.

केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभा होतो. समोर डॉक्टर, त्यांच्या बाजूला पेशंटचा मुलगा, आणि माझ्या हातात मीच लिहिलेलं पत्र. मी वाचलं. डॉक्टरांना न विचारता मी इंजेक्शन दिले. माझ्या निष्काळजीपणामुळे रुग्णाची प्रकृती बिघडली. मी बिनशर्त माफी मागतो.

खोटं होतं. मी विचारलं होतं.

रविवारची दुपार होती. डॉक्टर घरी होते. ऑपरेशन झालेले आजोबा वेदनेने कण्हत होते. मी फोन केला. किडनीचा रिपोर्ट वाईट आलाय, तरी हे इंजेक्शन द्यायचं का, असं स्पष्ट विचारलं. "मी सांगतोय ना, द्या," एवढंच ते म्हणाले. मी दिलं. फोनवरची ऑर्डर वेळेसकट केसपेपरवर लिहिली. डॉक्टरांनी आल्यावर तिच्याखाली सही करायची असते. त्यांनी केली नाही. संध्याकाळपासून आजोबांना लघवी होईना. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईला हलवलं, आठवड्याच्या आत ते गेले. केसपेपरचं ते पान मला पुन्हा दिसलं नाही.

मुलगा वर्तकनगरचा, बँकेत नोकरीला असलेला शांत माणूस. त्याने पत्र घेतलं आणि खालचं नाव वाचलं. आडनावावर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. "हल्ली कोणीही नर्सिंगला येतं," तो म्हणाला. मला नाही, डॉक्टरांना. मी बाहेर पडत असताना डॉक्टर म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे हो. तुमच्यात असं बघायला मिळत नाही."

ते अक्षर बाबांचं. म्हणजे त्यांनी माझ्याकडून गिरवून घेतलेलं. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत ते ड्रम उचलायचे. ॲसिडने त्यांच्या बोटांची टोकं जाड झालेली, पेन्सिल धड धरता यायची नाही. तरी रोज कामावरून आले की पाटी घेऊन बसवायचे. कागदावर आपण कोणापेक्षा कमी दिसता कामा नये, म्हणायचे. त्याच अक्षरात मी स्वतःला गुन्हेगार लिहून दिलं. पत्र नाही दिलं तर नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल, असं हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. हे कारण मी पुढे इतक्यांदा स्वतःला सांगितलं की आता लिहितानाही लाज वाटते.

मला काढलं नाही. वॉर्डात नको आता, आपल्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवा, म्हणाले. मी पुढचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे कागदोपत्री सगळं नीट बसलं. वॉर्डातला ब्रदर होतो, सर झालो. टेबल मिळालं, डोक्यावर पंखा मिळाला. बाबांनी चाळीत पेढे वाटले. मला बढती मिळाली असं समजूनच ते गेले.

शिकवण्याबरोबर एक काम आणखी आलं. वॉर्डात काही बिघडलं की ज्या नर्सवर ते येईल, तिच्याकडून खुलासा लिहून घ्यायचा. व्यवस्थापकांनी त्यासाठी एक फॉरमॅट दिला. मी तो बघितला आणि ओळखला. माझ्याच पत्राची झेरॉक्स होती. नाव, तारीख आणि इंजेक्शनची ओळ व्हाइटनरने पुसलेली. बाकी सगळं तसंच, माझ्या अक्षरात.

तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

अकरा वर्षांत तेरा मुलींना मी तो दिला. मला दरडावलं होतं, मी दरडावत नव्हतो. आधी चहा मागवायचो. "बाळा, लिहून टाक, मॅटर संपतं," म्हणायचो. त्या रडायच्या, मी पाणी द्यायचो. काही जणी राहिल्या. काहींनी नर्सिंगच सोडलं. एक कल्याणला साडीच्या दुकानात उभी असते. मला बघितलं की आत जाते.

गेल्या महिन्यात सुप्रिया आली. माझीच विद्यार्थिनी, टिटवाळ्याची. घरात कमावणारी तीच. तिच्या वॉर्डात एक बाई बेडवरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. अठरा पेशंटला सुप्रिया एकटी होती. सकाळीच तिने रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, अजून एक स्टाफ द्या. ते पान आता रजिस्टरमध्ये नव्हतं.

मी चहा मागवला. फॉरमॅट पुढे सरकवला.

तिने तो उचलला, बराच वेळ बघितला.

"सर, हे अक्षर तुमचं आहे."

मी उघडा ड्रॉवर बंद केला.

"तीन वर्षं फळ्यावर बघितलंय. तुम्ही पण लिहिलेलंत?"

"हो."

"खरं होतं?"

"नाही."

"मग आम्हाला का देता?"

 ती चिडलेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. चहाला तिने हात लावला नाही. "मी नाही लिहिणार, सर. काढू देत," म्हणाली आणि गेली. तिला चार दिवसांत काढलं. अनुभवाचा दाखलाही दिला नाही.

तिला काढलं त्या दुपारी मी ते तेरा खुलासे कपाटातून काढले. प्रत्येकाखाली लिहिलं: 'हे पत्र मी सांगून लिहून घेतले आहे. यातील मजकूर या नर्सचा नाही.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. चौदावं पत्र माझं, ड्रॉवरमधली ती झेरॉक्स. त्याच्याखाली रविवारची ती दुपार लिहिली, फोनवरच्या शब्दांसकट. सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. पहिला संच सुप्रियाला दिला. तिने घेतला. थँक्यू म्हणाली नाही, आणि तेच बरोबर होतं.

व्यवस्थापकांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "सर, मुलगी यंदा बारावीला ना? जरा विचार करा."

"अकरा वर्षं तेच केलं," मी म्हणालो. या वेळी खुर्ची ओढून बसलो होतो.

आता नोकरी नाही. रजिस्ट्रेशनचं काय होईल माहीत नाही. नर्सिंग कौन्सिलकडे कागद पोचलेत, उत्तर नाही. तेरांपैकी पाच जणींनी कागद घेतले, चौघींनी फोन उचलला नाही. तिघींचे पत्ते शोधतोय. साडीच्या दुकानातलीने दारातूनच सांगितलं, आता काय उपयोग. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आजोबांच्या दंडात सुई माझ्याच हाताने गेली. रिपोर्ट मला माहीत होता. नाही म्हणायला तोंड होतं. तेही मी लिहिलंय.

उद्या वर्तकनगरला जाणार आहे. तो मुलगा आता पन्नाशीत असेल. दार लावून घेईल कदाचित. लावलं तर बाहेर उभा राहीन, पुन्हा बेल वाजवीन. आधी आडनाव सांगेन. मग पत्र काढीन आणि वाचीन, शेवटच्या ओळीपर्यंत.

मोठ्याने. कोणी न सांगता.