हाताला ठाऊक, तोंडाला नाही

शिवणवाल्या काकूंचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा गिऱ्हाइकाचा लोकरी कोट अर्धाच शिवून झाला होता. शनिवारी द्यायचा. मग काकू सांगणार आणि सून शिवणार, असं ठरलं. सून पडली वहीवाली. आधी लिहून घ्यायची, मग मशीनला हात लावायची.

"बाही वर, अंग खाली. मुंढ्याला मुंढा लाव नि चाल पुढं."

मुंढ्याच्या गोलाईत बाही जोडली, तर खांद्यावर चुण्याच चुण्या. उसवून पुन्हा जोडली, पुन्हा तेच.

"नाचता येईना, अंगण वाकडं," काकू म्हणाल्या. शिवणाच्या क्लासात चाळीस वर्षं पोरींना हेच ऐकवत आलेल्या.

"आई, अंगण तुम्हीच आखून दिलंय," सून फणकारली. "गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या जुन्या कोटाचं कापड आहे हे. अजून एकदा उसवलं की विरलंच. दुसरं कुठून आणायचं?"

काकूंचा आवाज उतरला. त्यांनी परत सांगायला घेतलं, पण दोन वाक्यांत अडकल्या.

"खुर्चीत बसून मेलं काही आठवत नाही. सरक जरा."

सुनेनं मशीनपुढचं स्टूल मोकळं केलं, सुई हलू नये म्हणून मशीनचा पट्टा काढून ठेवला आणि त्यांच्यापुढं दोन चिंध्या टाकल्या. काकूंचे पाय पायट्यावर हलू लागले, तशी जीभही सुटली. "हं, बाही वर, अंग खाली, घाई करायची नाही..." सून मात्र त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होती.

"थांबा! तोंड म्हणतंय बाही वर. हातानं तर बाहीची चिंधी खाली घेतली."

काकूंनी स्वतःच्या हाताकडं शेजारणीच्या हाताकडं बघावं तसं बघितलं. मग मशीनच्या सुईखालच्या दातांवरून बोट फिरवलं.

"अगं, हे दात खालचं कापड जरा जास्त ओढतात. बाहीचा जादा घेर त्यातच मुरतो. मला हे कुणी शिकवलं?"

"हातालाच विचारा."

"म्हणजे चाळीस वर्षं पोरींना मी उलटंच सांगितलं?"

"पण त्यातल्या कितीतरी जणी छान शिवतात की!"

"त्या माझं ऐकत नसणार."

दोघी हसल्या. काकू उठल्या, सुनेनं पट्टा चढवला, बाही खाली घेतली आणि श्वास रोखून मुंढा पार केला. उलटून बघितलं. खांदा गुळगुळीत.

काकूंनी त्यावरून दोनदा अंगठा फिरवला आणि पुन्हा स्टुलावर सरकल्या.

"आता कॉलर. मी तोंड उघडत नाही. तू नुसती बघ."