कोणते काळे?

कुठंही आल्याचा चहा उकळायला लागला की माझं डोकं सणकतं. दहावीनंतर बीडला क्लास लावायचा होता, म्हणून वडील आणि मी खोली बघायला गेलो होतो. खोली पसंत पडली, किल्ली वडिलांच्या हातात आली आणि घरमालकीणबाईंनी चहा टाकला. आल्याचा वास ओसरीभर पसरला. तेवढ्यात त्यांनी आडनाव विचारलं. "काळे," वडील म्हणाले. "कोणते काळे? आमच्यात बी हायेत, लई जातींत हायेत." वडिलांनी गाव सांगितलं. "गाव न्हाई, पाव्हणे कुठले तुमचे?" मग वडिलांनी सरळ जातच सांगितली. बाई आत गेल्या, गॅसचं बटण खट्‌कन बंद झालं आणि त्या रिकाम्या हातानं बाहेर आल्या. "किल्ली द्या. भाचा येणार हाय राहायला, ध्यानातच न्हाई राहिलं." वडिलांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि ते स्टँडकडे चालू लागले. मला मात्र परत जाऊन ते पातेलं उपडं करावंसं वाटत होतं. आता बीडमध्ये माझं स्वतःचं घर आहे. आलेल्या माणसासाठी मी आधी चहा टाकते. त्यानं "कोणते काळे?" विचारलं की उठते आणि गॅस बंद करते.