दाखवलं सगळं, लांडगा सोडून

दिवाळीत माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, कॅमेऱ्याची एक लेन्स घेतली. लांबीला दुधी भोपळ्याएवढी. तिच्यातून समोरच्या सोसायटीतलं कबुतर इतकं जवळ दिसायचं की मलाच संकोच व्हायचा. कबुतरं संपल्यावर तो म्हणाला, "आता लांडगा." बीड जिल्ह्यातल्या एका गावाने आपला डोंगर स्वतः राखलाय आणि तिथे लांडगे आहेत, असं त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो.

नगर, आष्टी, जामखेड, पाटोदा असा रस्ता आहे. थांबत गेलात तर सहा तास. लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेतलं आणि पुढे मांजरसुंब्याला रबडी. 'डोंगर चढायचाय' या सबबीवर श्रीरंगने दोन वाट्या संपवल्या. तिथून गाव तासाभरावर. शेवटचा टप्पा कच्चा आहे, छोटी गाडी हळू घ्या.

आमची सोय गावच्या वन समितीचे म्होरके दगडूभाऊ यांच्या पडवीत होती. माणशी पाचशे रुपये, जेवणासकट. त्यातून उन्हाळ्यात जनावरांच्या पाणवठ्यात टँकर ओततात. साठीच्या दगडूभाऊंनी लेन्स खालून वरून पाहिली.

"सायेब, तोफ कावून आनली?"

"लांडग्यासाठी. दिसेल ना?"

"दिसंल की! न दिसायला काय झालं?"

मग त्यांनी आम्हाला डोंगर दाखवला. पूर्वी तिथे नुसता मुरूम होता म्हणे. गावाने कुऱ्हाड आणि चराई दोन्ही बंद केली, भोवती दगडी बांध घातला. वैरण कापून आणायची, पण आत जनावर सोडायचं नाही. आता कमरेएवढं पिवळं गवत, हिवर, खैर आणि सीताफळाची झाडं. काळविटांचा कळप दिसला, मोर दिसले, एक खोकड आमच्याकडे बघून जांभई देऊन गेलं. लांडगा मात्र कायम 'आत्ताच हितनं गेलता'. संध्याकाळी शेतात हुरडा खाताना श्रीरंग लेन्स मांडीवर घेऊन बसला होता. दगडूभाऊ त्याला आग्रहाने वाढत होते. "खा सायेब, उद्या लांब जायचं हाय."

दगडूभाऊ आणि श्रीरंग खरंच लांब गेले. शनिवारी माझे पाय बोलायला लागले, म्हणून मी दगडूभाऊंच्या भावजयीबरोबर, सुमनमावशींबरोबर, त्यांच्या शेळ्यांमागे गेले. बांधाच्या बाहेरून, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला.

"मावशी, लांडगा असतो तरी कुठल्या बाजूला?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "ज्या बाजूला सायेब न्हाईत, त्या बाजूला."

मला हसू आवरेना. मावशी मात्र लगेच गंभीर झाल्या. मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्याला त्यांनी कौतुकाने लांडगीचं बीळ दाखवलं होतं. त्याने फोटो मोबाइलवर टाकला आणि आठवड्यात जीपा यायला लागल्या. "मादीनं घाबरून पिल्लं हलवली. एक वाटंतच ऱ्हायलं. मीच पुरलं त्याला. तवापासून पाव्हन्याला समदं दावतो, बीळ दावत न्हाई."

नवऱ्याला उन्हातून मैलोन्‌मैल चुकीच्या दिशेने फिरवत आहेत हे कळूनही मी गप्प बसले. उलट मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण चारच्या सुमाराला श्रीरंगच्या बुटाचा तळवा सुटला. दगडूभाऊंना पाणवठ्यावर काम होतं, म्हणून हा एकटाच गावाकडे निघाला आणि आमचा आवाज ऐकून फटक-फटक करत आमच्याकडे वळला. तो मावशींना बुटाची कहाणी सांगत होता तेवढ्यात शेळ्या उधळल्या. गवतातून एक करडी आकृती सरळ कळपात घुसली. मावशी "हाड! हाड!" करत दगड घेऊन धावल्या, मी नुसती ओरडले. लांडगीने शेळी मानेला धरून ओढत समोरच्या खडकांकडे नेली. तिथून दोन पिल्लं बाहेर आली.

श्रीरंगचा कॅमेरा टकटकत होता. "मिळाला! अगं, मिळाला!"

मावशी खाली बसल्या होत्या. "गाभन हुती," एवढंच त्या बोलल्या.

श्रीरंग ओशाळला. आम्ही दोघं त्यांच्याजवळ बसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "दावा बरं फोटू." त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग लांडगीच्या मागे बोट ठेवलं. "ही दुभंगलेली शिळा. हे देवीचं ठानं. ह्याच्यावरनं कुनीबी नीट बिळावर यील."

"मी कुणालाच दाखवणार नाही, मावशी."

"मागचा पाव्हनाबी असंच म्हनला हुता." त्या उठल्या, शेळ्या गोळा करू लागल्या. "फोटू तुमचा हाय. तुमीच ठरवा."

शेळीच्या किमतीची भाषा मी सुरू केली, तर श्रीरंगने मला हातानेच थांबवलं. मग एकेक करून त्याने सगळे फोटो पुसले. मला वाटलं होतं, एखादा तरी ठेवेल. नाही ठेवला.

दिवेलागणीला शेजारचा गडी एक करडू काखेत घेऊन आला. लांडग्याने शेळी नेली की पाळीप्रमाणे एकेका घराने करडू द्यायचं, असा गावाचा ठराव आहे. मावशींनी ते कान धरून उचलून पाहिलं. "हे करडू हाय का मांजर रं? माझी शेळी हत्तीवानी हुती!"

"वैनी, लांडग्याला सांगा, जरा बारकी बघून नेत जा," गडी म्हणाला.

सगळे हसले, मावशीही. मांजर मात्र त्यांनी मांडीवरून खाली सोडलं नाही.

रविवारी परतलो. वाटेत पाटोद्यात चांभाराने बूट शिवला, उत्तम शिवला. गावाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही आणि विचारलंत तरी सांगणार नाही. बीडकडचे डोंगर जरूर बघा. कुणी राखलेलं रान दिसलं तर ते दाखवतील तेवढंच पाहा.

पुढच्या आठवड्यात श्रीरंगचे कॅमेरावाले मित्र घरी आले. "लांडगा मिळाला का?"

"कसला लांडगा! मोर आहेत नुसते," तो म्हणाला. या माणसाला साधं 'घरी नाही' म्हणून सांगता येत नाही, पण हे त्याने छान सांगितलं.

ते गेल्यावर कप विसळताना तो हळूच म्हणाला, "तिसरं पिल्लू मागाहून बाहेर आलं. तू पाहिलंस ना?"

मी नव्हतं पाहिलं. माझ्याकडे कुठे लेन्स होती?

"कसं होतं?" मी नळ बंद केला.

आणि त्याने सांगितलं.